घरी बांधलेल्या गाडीत ईसीएम कुठे बसवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाइपची चेसिस वेल्ड करून तयार आहे, दोन सीटची उघडी गाडी होणार आहे. मारुती जिप्सीचं १.३ लिटरचं एमपीएफआय (इंजेक्टरवालं) इंजिन गिअरबॉक्ससकट मिळालंय, सोबत वायरिंग आणि ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा डबा, हाही आहे. आता हा ईसीएम बोनेटखाली फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीवर) लावायचा, डाव्या सीटखाली, की सीटच्या मागे पेट्रोल टाकीजवळच्या कप्प्यात? शिवाय वायर लांबवल्या की इंजिन नीट चालत नाही असं मित्र म्हणतोय, ते खरं का?

मी बडोद्यातच, मकरपुऱ्याला, गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. रोजच्या गाड्यांसोबत सुप्रा या कॉलेजच्या रेसिंग कार स्पर्धेसाठी गाडी बांधणारी इंजिनिअरिंगची मुलं येतात, तुमच्यासारखे हौशी लोकही येतात. माझा अनुभव असा, की सगळे जण डब्यासाठी जागा शोधतात आणि कपलरचा, म्हणजे वायरी डब्याला जोडणाऱ्या प्लगचा, विचार डबा बसल्यावर सुरू होतो. ईसीएम आपणहून क्वचित मरतो. कपलरमध्ये पाणी शिरतं, वायरींचं वजन लटकून पिना सैल होतात, अर्थची (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी) वायर तुटते, आणि त्यात डबा जातो. म्हणून आधी कपलरची जागा ठरवा: तो कोरडा कुठे राहील, त्याचं तोंड खाली कुठे करता येईल, आणि काढायचा झाला तर हात सहज कुठे पोचेल. ही जागा सापडली की डबा आपोआप तिथेच येतो.

पुढचं बरंचसं तुमच्या हातात कोणता ईसीएम आहे यावर ठरतं. जुन्या बाजारातून आलेल्या वायरिंगला डबा मूळचाच असेल याची खात्री नसते, तेव्हा गाडीच्या नावावर जाऊ नका, हातातली वस्तू बघा. कपलर काढून आत रबराचं सील आहे का ते पाहा. प्रत्येक वायर कपलरमध्ये शिरते तिथे सिलिकॉनची रंगीत बारीक बुशी दिसते का? डबा ओतीव अॅल्युमिनियमचा आणि सगळीकडून चिकटवून बंद केलेला आहे का? त्याच्या अंगावर कुठे छोटी गोल टिकली आहे का, जिच्यातून हवा जाते पण पाणी जात नाही? हे सगळं असेल तर तो बोनेटखाली राहायला बनवलेला आहे. याउलट पत्र्याच्या दोन वाट्या जोडून केलेला डबा असेल, फटीतून आतला बोर्ड दिसत असेल आणि कपलर साध्या प्लास्टिकचा, बिनसीलचा असेल, तर तो केबिनचा डबा. त्याला बोनेटखाली नेण्याचा विचार सोडून द्या. झाकणाला सिलिकॉन फासून तो वॉटरप्रूफ होत नाही. कपलरमधून पाणी जायचं ते जातंच, फक्त गेलेलं पाणी सुकायची वाट बंद होते. उद्या कंपनीचा ईसीएम काढून मेगास्क्वर्टसारखा बाहेरचा बसवायचं मनात असेल तरी हेच. त्याच्या जुन्या ३७ पिनांच्या कपलरला पाण्यापासून काहीच संरक्षण नाही, तो केबिनमध्येच हवा. आणि त्याचा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) बोर्डावर असतो, म्हणजे मॅनिफोल्डपासून व्हॅक्यूमची नळी डब्यापर्यंत न्यावी लागते. ती नळी डब्याकडे चढती ठेवा, नाहीतर आत जमलेलं पेट्रोल उतरून सेन्सरमध्ये जातं.

आता बोनेटखालची जागा का नको, ते. सगळे उष्णतेचं कारण सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण ती उष्णता नेमकी कधी लागते ते लक्षात घ्या. गाडी पळत असताना बोनेटखाली हवा खेळत असते. खरी परीक्षा इंजिन बंद केल्यावर. पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि तापून लाल व्हायच्या बेतात असलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आपली सगळी उष्णता वर फेकत राहतो. तुमच्या गाडीचं बोनेट बसकं आहे, ती उष्णता फायरवॉलच्या वरच्या भागातच साठणार. बंद केल्यानंतरच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत तिथलं तापमान चालत्या गाडीपेक्षा वर जातं. मे महिन्यात बडोद्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात, म्हणजे सुरुवातच तिथून. केबिनसाठी बनवलेल्या डब्यांची मर्यादा साधारण ८५ अंश असते, बोनेटखालच्यांची १०५ च्या आसपास किंवा त्याहून जास्त. मर्यादेच्या आत राहिलात तरी बोर्डावरचे कपॅसिटर दर १० अंशांमागे अंदाजे निम्मं आयुष्य गमावतात. जुन्या गाड्यांचे ईसीएम उघडले की फुगलेला किंवा गळलेला कपॅसिटर नेहमी दिसतो.

पण माझ्या मते बोनेटखाली उष्णतेहून मोठी अडचण आहे ती गरम डब्यावर पडणाऱ्या थंड पाण्याची. तापलेल्या डब्यातली हवा फुगलेली असते. पावसाचा शिंतोडा किंवा वॉशिंगचा फवारा बसला की ती एकदम आकसते आणि डबा बाहेरून आत ओढायला लागतो. सील थोडं जरी थकलेलं असेल तरी पाणी तिथून आत. सील चांगलं असेल तर वायरमधून! वायरच्या आत तांब्याच्या बारीक तारा असतात आणि त्यांच्यामध्ये फटी. वात तेल ओढते तसं वायरचं दुसरं टोक पाण्यात असेल तर पाणी इन्सुलेशनच्या आतून चढत चढत कपलरपर्यंत येतं. बाहेरून वायर कोरडीठाक दिसते. कुठल्या तरी सेन्सरचा कपलर खाली चिखलात असतो आणि गंज चढलेला सापडतो ईसीएमच्या पिनेवर. म्हणून वायरिंगमधला प्रत्येक जोड आतून गोंद असलेल्या हीट श्रिंक स्लीव्हने बंद करायचा, साध्या टेपने नाही.

सीटखालच्या जागेबद्दल थोडक्यात सांगतो: नको. बंद गाडीत कंपन्या सीटखाली कंट्रोलर लावतात म्हणून तुम्हाला सुचलं असेल, पण तुमची गाडी उघडी आहे आणि सीटचा तळ गाडीतला सगळ्यात खालचा भाग आहे. पाऊस आला की पाणी तिथेच जमणार. पॅनेलला भोक पाडून निचरा केलात तरी त्याच भोकातून रस्त्याचं पाणी वर येतं.

सीटमागची जागा इतकी वाईट नाही. थंड असते, एक्झॉस्टपासून लांब असते. पण तिथपर्यंत सगळं वायरिंग गिअरबॉक्सच्या बोगद्याशेजारून न्यावं लागेल, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट फिरतो आणि कित्येकदा सायलेन्सरचा पाइपही जातो त्याच्या अगदी जवळून. वर मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) कापून चाळीस-पन्नास वायरी वाढवाव्या लागतील. तेवढे जोड म्हणजे पुढे तेवढ्या शंका. गाडी कधी मिस करायला लागली की तुम्ही आधी कुठला जोड उघडणार?

इथे मित्राचं म्हणणं बघू. लांबीने इंजिन बिघडतं हे बहुतेक वायरींच्या बाबतीत खरं नाही. साधा हिशेब करा. इंजेक्टरची कॉइल १२ ते १६ ओहमची असते, म्हणजे करंट सुमारे १ अँपिअर. ०.७५ चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या वायरला मीटरमागे साधारण ०.०२३ ओहम रोध असतो. वायर दीड मीटरने वाढली तर व्होल्टेज पडेल ०.०३५ च्या आसपास. इंजेक्टरला याची जाणीवही होत नाही. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर तर हजारो ओहमचा असतो, गरम झाल्यावरही शेकड्यांत, तिथे ०.०३ ओहमला काय किंमत? पेट्रोल पंपाचा करंट जास्त असतो, पण तो रिलेमधून जातो, ईसीएममधून नाही.

मित्र चुकतोय असंही मी म्हणणार नाही, कारण एका वायरीबद्दल त्याचं खरं आहे. क्रँक सेन्सरची, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या चाकाचे दात मोजणाऱ्या सेन्सरची वायर. सेल्फ मारताना इंजिन हळू फिरतं, तेव्हा कॉइलवाल्या सेन्सरमधून निघणारा सिग्नल फार अशक्त असतो. ही वायर प्लगच्या केबलशेजारून किंवा अल्टरनेटरच्या जाड वायरीला बांधून नेली, की ईसीएमला खरे दात आणि खोटे दात यांतला फरक कळत नाही. मग गाडी सकाळी सेल्फवर रेंगाळते, किंवा वरच्या आरपीएमला अचानक अडखळते, आणि लोक इंजेक्टर साफ करत बसतात. मूळ वायरिंगमध्ये त्या दोन वायरी पिळलेल्या असतात, वर जाळीचं आवरण असतं. ते आवरण वाढवताना तोडू नका, आणि त्याची अर्थ ईसीएमच्या टोकालाच द्या, दोन्ही टोकांना नाही. इग्निशनच्या केबलपासून शक्य तेवढं लांब, निदान फूटभर ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

म्हणजे आतापर्यंत इतकं ठरलं: बोनेटखाली सीलबंद डब्याशिवाय नाही, सीटखाली मुळीच नाही, सीटमागे चालेल पण जोड वाढतात. उरते ती जागा मला सगळ्यात बरी वाटते: फायरवॉलच्या केबिनकडच्या अंगाला, डॅशच्या आत, डाव्या सीटवाल्याच्या गुडघ्यांच्या वर.

तुमची गाडी ज्या ठेवणीची आहे ती १९५७ च्या लोटस सेव्हनपासून चालत आलेली. पुढे लांब अरुंद नाक, मागे दोन सीटा, मध्ये डॅश आणि विंडस्क्रीन धरणारा वक्र पत्र्याचा भाग. अशा गाडीत उंच, कोरडी आणि इंजिनला जवळ असलेली जागा म्हणजे त्या पत्र्याच्या खालची पोकळी. मूळ हार्नेस बहुतेक तिथपर्यंत न कापता पोचतो. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे कॉलम, पेडल, ब्रेकचा मास्टर सिलिंडर सगळं उजव्या अर्ध्यात, डावा अर्धा मोकळा. एक्झॉस्टसुद्धा डावीकडूनच निघत असेल तर फायरवॉलला इंजिनच्या बाजूने उष्णतारोधक पत्रा लावा आणि मध्ये हवेची फट सोडा. डबा फायरवॉलला चिकटवू नका, दोन-तीन सेंटिमीटर सुटा ठेवा.

पॅनेलच्या पातळ पत्र्यावर डबा थेट लावायचा नाही, तो पत्रा इंजिनबरोबर थरथरतो. चेसिसच्या पाइपला दोन पट्ट्या वेल्ड करा, त्यावर ३ मिलीमीटर अॅल्युमिनियमचा पत्रा, आणि त्यावर चार रबरी बुशांवर डबा. रबर फार मऊ नको. डबा हाताने ढकलला तर किंचित हलला पाहिजे, झुलता कामा नये. कपलरचं तोंड खाली किंवा आडवं, वर कधीच नाही. कपलरपासून १०-१५ सेंटिमीटरवर हार्नेसला चेसिसशी क्लॅम्प मारा, म्हणजे वायरींचं वजन पिनांवर येत नाही. आणि हार्नेस डब्याकडे येताना आधी कपलरच्या खाली उतरून मग वर चढला पाहिजे. वायरीवरून ओघळणारा थेंब त्या सगळ्यात खालच्या वळणावरून गळून जातो.

फायरवॉलचं भोक हा लोकांना शेवटी आठवणारा भाग. ईसीएमचा कपलर हार्नेसहून बराच जाड असतो. पिना न काढता तो आरपार न्यायचा तर ५०-६० मिलीमीटरचं भोक लागतं, आणि त्या मापाचा रबरी ग्रोमेट आधी हातात घ्या, मग भोक पाडा. भोक डब्याच्या पातळीच्या खाली आणि एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला.

अर्थबद्दल वेगळं लिहितो, कारण घरी बांधलेल्या गाड्यांत निम्मे ईसीएम इथे छळतात. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चेसिसपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. रंगवलेली किंवा पावडर कोट केलेली चेसिसही अर्थ देत नाही. इंजिन ब्लॉकपासून बॅटरीच्या निगेटिव्हला जाड केबल थेट द्या आणि चेसिसला वेगळी पट्टी द्या. ही केबल सैल असेल तर सेल्फचा शंभर अँपिअरच्या वरचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट पुष्कळदा ईसीएमच्या अर्थ वायरीतून जाते. मग ती सुतासारखी वायर जळते किंवा बोर्डावरची पट्टी उडते. ईसीएमच्या अर्थचे थिंबल (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या) मूळ वायरिंगमध्ये इंजिनवर जिथे होते तिथेच, खरवडून साफ केलेल्या धातूवर बसवा, डब्याशेजारच्या चेसिसच्या बोल्टवर नाही. सेन्सरच्या अर्थ वायरी ईसीएमकडेच परत जातात, त्या मध्येच चेसिसला जोडू नका. तपासायला मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं ईसीएमच्या अर्थ पिनेवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत हवं. अर्धा व्होल्ट दाखवत असेल तर गाडी सुरू झाली तरी पुढे जाऊ नका.

आता हाताला लागण्याचं का म्हणतो ते. एक कारण तुमच्या समोरच आहे: वेल्डिंग. अशा गाडीवर पट्टी, ब्रॅकेट, सीटचा कंस असं काही ना काही वेल्ड करणं शेवटपर्यंत सुरू असतं. दर वेळी बॅटरी सोडवायची आणि ईसीएमचे कपलर काढायचे. डबा अडचणीत असला तर चौथ्या-पाचव्या वेळी माणूस कंटाळून तसंच वेल्ड करतो.

दुसरं कारण आपल्या शहराचं. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी २५ ची. त्यानंतर बुडालेल्या गाड्यांची रीघ लागली. त्यातला एक ईसीएम उघडला तेव्हा बोर्डावर अर्ध्या उंचीवर गाळाची सरळ रेघ होती, पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते सांगणारी. कपलरमधल्या बहुतेक पिना नुसत्या मळलेल्या. एकच पिन खाऊन पेन्सिलच्या टोकासारखी झाली होती, बुडाशी हिरवा साका. ती कायम बॅटरीला जोडलेली पिन होती. चावी बंद असली तरी तिथे १२ व्होल्ट असतात, आणि पाण्यात वीज असली की धातू झपाट्याने झिजतो. मालकाने बॅटरीचा एक थिंबल सोडवून ठेवला असता तर कदाचित डबा धुऊन, वाळवून वाचला असता.

तुमच्या गाडीचा तळ जमिनीपासून १२-१५ सेंटिमीटरवर, आणि डॅशखालची सगळ्यात उंच जागा धरली तरी ७० च्या आसपास. पावसाळ्यातल्या रोजच्या साचलेल्या पाण्याला ही उंची पुरते. २०२४ सारख्या पुराला या गाडीतली कुठलीच जागा पुरणार नाही. म्हणून डबा असा बसवा की डॅशखालचं झाकण दोन पंख्याच्या नटांवर निघेल, कपलर बोटांनी सुटतील आणि डबा चार बोल्टवर हातात येईल. आजवा तलावाचं पाणी नदीत सोडणार अशी बातमी आली की आधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडवायचा, मग ईसीएम काढून वरच्या मजल्यावर न्यायचा, आणि उघड्या कपलरवर प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधायची. इंजिन ओलं झालं तर उघडून साफ करता येतं. या जुन्या इंजिनांचा चांगला ईसीएम आता सहज मिळत नाही.

भोकं पाडायच्या आधी एक काम करा. ईसीएमच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करून ठरवलेल्या जागी बांधा आणि डाव्या सीटवर कुणाला तरी बसवा. पाय लांब करून गुडघा खोक्याला लागतो का, विंडस्क्रीनच्या कडेने पाणी ओतलं तर ओघळ कुठे उतरतो, कपलरपर्यंत पंजा जातो का, हे बघा. पुढे इंजिन चालू होण्याइतकं काम झालं, की मीटरचा थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) त्या जागी बांधा, इंजिन पंखा लागेपर्यंत तापवा, बंद करा आणि बोनेट लावून वीस मिनिटं आकडा बघत राहा. आकडा ६० च्या आत राहिला तर बिनधास्त बसवा. ७० च्या पुढे गेला तर उष्णतारोधक पत्रा मोठा करा किंवा डबा मधल्या रेषेकडे सरकवा. तो आकडा, कपलरचा समोरून काढलेला फोटो आणि एक्झॉस्ट कुठल्या बाजूला आहे हे कळवा, म्हणजे हार्नेस कुठून आत घ्यायचा ते नक्की सांगता येईल.